डीफॉल्ट कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ केला, तरी मराठी का बिघडते?

प्रश्न थोडक्यात असा: मायएसक्यूएल ५.७ वर बरीच वर्षे चाललेला डेटाबेस आहे आणि त्यातली जुनी टेबले लॅटिन१ या पश्चिम युरोपीय अक्षरांच्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरे कोणत्या बाइटने साठवायची त्याची पद्धत, म्हणजेच एन्कोडिंग) तयार झाली आहेत. आता सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये डीफॉल्ट कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ केला, सर्व्हर रीस्टार्ट केला. तरी मराठी नावे कुठे प्रश्नचिन्हे, तर कुठे विचित्र युरोपीय अक्षरे होऊन दिसतात. डीफॉल्ट नेमका कुठे लावायचा?

तुमची सेटिंग लागू झाली आहे. पण डीफॉल्टचा अर्थ एवढाच की यापुढे जे तयार होईल, त्याला वेगळे काही सांगितले नसेल तर हा कॅरेक्टर सेट मिळेल. जे आधीच तयार आहे त्याला तो हातही लावत नाही. मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टर सेट चार पातळ्यांवर असतो: सर्व्हर, डेटाबेस, टेबल आणि कॉलम. प्रत्येक पातळी आपल्या वरच्या पातळीकडून तो तयार होताना एकदाच उचलते, नंतर वर काय बदलले ते पाहत नाही. अक्षरे प्रत्यक्ष साठवली जातात ती कॉलमच्या कॅरेक्टर सेटमध्ये. वरच्या तिन्ही पातळ्या फक्त वारसा देण्यापुरत्या असतात. याशिवाय पाचवी गोष्ट म्हणजे कनेक्शन. तुमचा प्रोग्रॅम सर्व्हरला कोणत्या एन्कोडिंगमध्ये बाइट पाठवतो आणि कोणत्या एन्कोडिंगमध्ये परत मागतो, हे प्रत्येक कनेक्शनवर स्वतंत्र ठरते. बहुतेक बिघाड कॉलम आणि कनेक्शन यांच्या मधल्या जागेत होतो.

काहीही बदलण्याआधी बाइट पाहा

हे सोडून थेट ऑल्टर (रचना बदलणारा आदेश) चालवणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पडद्यावर दिसणाऱ्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, कारण ती कनेक्शनमधून रूपांतर होऊन आलेली असतात. ज्या ओळीत काय लिहिलेले असायला हवे हे तुम्हाला नक्की माहीत आहे, अशी एक ओळ निवडा. त्या कॉलमवर हेक्स, लेंग्थ आणि कॅर_लेंग्थ ही तीन फंक्शने चालवा. पहिले साठवलेले बाइट दाखवते, दुसरे बाइट मोजते, तिसरे अक्षरे. इन्फर्मेशन_स्कीमा मधल्या कॉलम्स या टेबलातून त्या कॉलमचा कॅरेक्टर_सेट_नेमही काढा. (आदेश इथे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचे.)

समजा कॉलममध्ये 'मराठी' हा शब्द असायला हवा. यात पाच कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हे) आहेत: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ असा आहे आणि त्यातले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. म्हणून 'मराठी' पंधरा बाइटचा. 'म' चे बाइट ई० ए४ एई असे आहेत. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होते, एवढे लक्षात ठेवले तरी हेक्स वाचता येतो.

कॉलम यूटीएफ८एमबी४ आहे, हेक्स ई०ए४एई ने सुरू होतो, लेंग्थ १५ आणि कॅर_लेंग्थ ५ आहे, असे असेल तर साठवलेला मजकूर निर्दोष आहे. वाचणाऱ्या बाजूचे कनेक्शन तेवढे चुकले आहे. टेबलाला हात लावू नका.

हेक्समध्ये ३एफ३एफ३एफ३एफ३एफ दिसले तर ती खरोखरची पाच प्रश्नचिन्हे आहेत. लॅटिन१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. स्ट्रिक्ट मोड (चुकीची माहिती नाकारणारी सेटिंग) बंद असताना मायएसक्यूएलने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले आणि फक्त वॉर्निंग दिली. मूळ अक्षर कोणते होते याचा मागमूस राहिलेला नाही. हा मजकूर बॅकअपमधून किंवा मूळ कागदांवरूनच परत येईल, कोणत्याही कन्व्हर्टने नाही. स्ट्रिक्ट मोड चालू असता तर १३६६ क्रमांकाची एरर येऊन इन्सर्ट थांबला असता, म्हणून तो मोड कधीही बंद करू नका.

तिसरी स्थिती अशी: कॉलम लॅटिन१ आहे, पण हेक्स ई०ए४एई दाखवतो आणि लेंग्थ व कॅर_लेंग्थ दोन्ही १५ आहेत. प्रोग्रॅमने यूटीएफ-८ बाइट पाठवले, पण कनेक्शनवर 'मी लॅटिन१ बोलतो' असे सांगितले. सर्व्हरने ते पंधरा वेगवेगळी युरोपीय अक्षरे समजून ठेवून दिले. परत मागतानाही तोच खोटेपणा केल्यामुळे वेबसाइटवर वर्षानुवर्षे मराठी नीट दिसत राहते. मजकूर खरा आहे, डब्यावरची चिठ्ठी चुकीची आहे.

चौथी स्थिती सर्वांत गोंधळाची. कॉलम यूटीएफ८एमबी४ आहे, पण हेक्स सी३ए०सी२ए४सी२एई ने सुरू होतो. लॅटिन१ म्हणून वाचलेल्या बाइटचे पुन्हा एकदा यूटीएफ-८ झाले आहे, म्हणजे दुहेरी एन्कोडिंग. या स्थितीत 'मराठी' ची कॅर_लेंग्थ १५ आणि लेंग्थ ३१ येते. तीस नव्हे, कारण दुसऱ्या वेलांटीचा शेवटचा बाइट ८० आहे आणि मायएसक्यूएलचा लॅटिन१ म्हणजे प्रत्यक्षात विंडोजचा सीपी१२५२. त्यात ८० म्हणजे युरोचे चिन्ह आणि ते यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते.

एकाच टेबलात या चारही प्रकारच्या ओळी सापडू शकतात, विशेषतः मध्येच कधी प्रोग्रॅमचा ड्रायव्हर (त्याला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) बदलला असेल तर. म्हणून जुनी, मधली आणि ताजी अशा तीन काळांतल्या ओळी तपासा.

डीफॉल्ट लावणे

हा भाग सोपा आहे. माय डॉट सीएनएफ फाइलच्या मायएसक्यूएलडी विभागात कॅरेक्टर-सेट-सर्व्हर = यूटीएफ८एमबी४ आणि कोलेशन-सर्व्हर या दोन ओळी लिहा (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम). क्लायंट विभागात डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट = यूटीएफ८एमबी४. ही शेवटची ओळ चुकून मायएसक्यूएलडी विभागात गेली तर ५.५ पासून पुढे सर्व्हर सुरूच होत नाही, कारण सर्व्हरसाठीचा तो पर्याय काढून टाकला आहे. लॉगमध्ये 'अननोन व्हेरिएबल' दिसले तर आधी हेच पाहा.

नाव पूर्ण लिहा, एमबी४ सकट. मायएसक्यूएलमध्ये नुसते 'यूटीएफ८' म्हणजे यूटीएफ८एमबी३, जास्तीत जास्त तीन बाइटचे अपुरे यूटीएफ-८. देवनागरी त्यात मावते, त्यामुळे मराठी मजकुराच्या चाचणीत हा दोष दिसतच नाही. कोणीतरी नावाच्या शेवटी इमोजी टाकला की तो उघडा पडतो, कारण इमोजीला चार बाइट लागतात. यूटीएफ८एमबी४ हा ५.५.३ पासून उपलब्ध आहे. ८.० मध्ये तोच सर्व्हरचा डीफॉल्ट झाला, त्याआधी तो मान लॅटिन१ आणि लॅटिन१_स्वीडिश_सीआय यांचा होता. म्हणूनच ५.७ वर कोणी काही न सांगता तयार केलेली टेबले लॅटिन१ निघतात.

यानंतर डेटाबेसचा डीफॉल्ट:

ऑल्टर डेटाबेस दुकान कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ कोलेट यूटीएफ८एमबी४_यूनिकोड_सीआय;

याने एकही टेबल बदलत नाही. स्टोअर्ड प्रोसीजर आणि फंक्शन तयार होतानाचा डीफॉल्ट धरून ठेवतात, त्यामुळे नवा लागू व्हायचा असेल तर ती ड्रॉप करून पुन्हा तयार करावी लागतात. हे विसरले की महिन्याभराने एखाद्या प्रोसीजरमध्ये १२६७, म्हणजे 'इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स' येते आणि कारण शोधायला दिवस जातो.

कनेक्शनसाठी सेट नेम्स यूटीएफ८एमबी४ हा आदेश क्लायंट, कनेक्शन आणि रिझल्ट्स ही तीन व्हेरिएबल एकदम बसवतो. पण तो क्वेरी म्हणून पाठवण्यापेक्षा ड्रायव्हरलाच सांगा. पीएचपीच्या मायएसक्यूएलआयमध्ये सेट_कॅरसेट, पीडीओमध्ये कनेक्शनच्या ओळीतच कॅरसेट=यूटीएफ८एमबी४. ड्रायव्हरला एन्कोडिंग माहीत असले तरच तो अवतरणचिन्हे सुरक्षितपणे एस्केप करू शकतो. इनिट_कनेक्टमध्ये सेट नेम्स लिहून ठेवण्याची युक्तीही काही ठिकाणी दिसते, पण सुपर अधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी इनिट_कनेक्ट चालतच नाही. रूटने तपासता तेव्हा एक आणि अ‍ॅप्लिकेशन चालते तेव्हा दुसरे, असा घोळ त्यातून होतो.

जुनी टेबले बदलणे

आधी संपूर्ण डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलमधली नक्कल, घ्या आणि तो दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून पाहा. मायएसक्यूएलडंपला डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ स्पष्ट द्या. ५.७ मधला त्याचा स्वतःचा डीफॉल्ट तीन बाइटवाला आहे आणि इमोजी तिथेच प्रश्नचिन्ह होतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'पेक्षा मोठे' चिन्हाने फाइलमध्ये वळवू नका, रिझल्ट-फाइल हा पर्याय वापरा. विंडोजबरोबर येणारे पॉवरशेल ते आउटपुट यूटीएफ-१६ मध्ये लिहिते.

लॅटिन१ कॉलममध्ये खरोखरच लॅटिन१ मजकूर असेल, म्हणजे निव्वळ इंग्रजी नावे किंवा युरोपीय अक्षरे, तर सरळ मार्ग चालतो:

ऑल्टर टेबल ग्राहक कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ कोलेट यूटीएफ८एमबी४_यूनिकोड_सीआय;

'कन्व्हर्ट टू' हे शब्द इथे महत्त्वाचे. ते वगळून नुसते 'डीफॉल्ट कॅरेक्टर सेट' लिहिले तर टेबलाची चिठ्ठी बदलते आणि कॉलम जुनेच राहतात. कन्व्हर्ट टू मध्ये टेक्स्ट प्रकारचा कॉलम मीडियमटेक्स्ट होऊ शकतो, कारण तेवढीच अक्षरे नव्या एन्कोडिंगमध्ये मावतील याची सर्व्हर काळजी घेतो. तसे नको असेल तर तो कॉलम मॉडिफायने वेगळा बदला. टेबल पुन्हा लिहिले जाते, म्हणून डिस्कवर साधारण तेवढीच मोकळी जागा हवी आणि तेवढा वेळ लिहिणे थांबते.

तिसऱ्या स्थितीत मात्र कन्व्हर्ट टू चालवले की तिसरीची चौथी होते. खऱ्या मराठीचे दुहेरी एन्कोडिंग तुम्ही स्वतःच करून ठेवता. इथे मजकूर न बदलता फक्त चिठ्ठी बदलायची असते, आणि त्यासाठी मध्ये बायनरीचा थांबा घ्यावा लागतो:

ऑल्टर टेबल ग्राहक मॉडिफाय नाव व्हारबायनरी(१००) नॉट नल;
ऑल्टर टेबल ग्राहक मॉडिफाय नाव व्हारकॅर(१००) कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ नॉट नल;

बायनरीला कॅरेक्टर सेट नसतो, त्यामुळे जाताना आणि येताना बाइट जसेच्या तसे राहतात. मॉडिफायमध्ये नॉट नल, डीफॉल्ट किंमत, कॉमेंट सगळे पुन्हा लिहावे लागते, न लिहिलेले निघून जाते. कॅर प्रकारचा कॉलम बायनरीत नेऊ नका, शेवटी शून्य बाइट चिकटतात. तो व्हारबायनरीत न्या.

इथे अडखळायला लावणारी एक जागा ठरलेली आहे. लॅटिन१ च्या व्हारकॅर(१००) मध्ये शंभर बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची तेहतीस चिन्हे आणि वर एक बाइट. लांब पत्ता भरला गेला असेल आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल, तर चौतिसाव्या चिन्हाचा पहिला बाइट, ई०, शेपटीला लटकत राहिलेला असतो. दुसरा ऑल्टर त्या ओळीवर १३६६ देऊन थांबतो. ज्यांची लेंग्थ बरोबर १०० आहे अशा ओळी व्हारबायनरीच्या टप्प्यावरच शोधा आणि शेवटचे अपुरे एक-दोन बाइट छाटा. कापला गेलेला पत्ता परत मिळत नाही, पण बाकीचा वाचतो.

चौथ्या स्थितीसाठी उलटा प्रवास आहे: कॉलमचे लॅटिन१ मध्ये रूपांतर, ते बायनरी म्हणून कास्ट, त्याचे पुन्हा यूटीएफ८एमबी४ मध्ये रूपांतर.

अपडेट ग्राहक सेट नाव = कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(नाव यूझिंग लॅटिन१) अ‍ॅज बायनरी) यूझिंग यूटीएफ८एमबी४) व्हेअर …

व्हेअर इथे जीव की प्राण आहे. हाच अपडेट निर्दोष ओळीवर चालला तर आतल्या पहिल्याच पायरीला देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात. अट म्हणून हेक्स(नाव) मध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ आहे का ते तपासा. दुहेरी एन्कोड झालेल्या देवनागरीत यातले एक असतेच. आधी याच अटीने सिलेक्ट चालवून जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी डोळ्यांनी पाहा, मग ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट करा.

फॉरेन की असलेले मजकुराचे कॉलम दोन्ही टेबलांत एकाच कॅरेक्टर सेट आणि कोलेशनचे असावे लागतात. त्यामुळे फॉरेन_की_चेक्स तेवढ्या सेशनपुरते बंद करून दोन्ही बाजू बदला आणि लगेच चालू करा. अर्धी टेबले बदलून काम उद्यावर टाकू नका. यूटीएफ८एमबी३ आणि यूटीएफ८एमबी४ कॉलमचा जॉइन होताना एका बाजूचे रूपांतर करावे लागते आणि त्या बाजूचा इंडेक्स वापरला जात नाही. कालपर्यंत पटकन येणारा रिपोर्ट आज अडकून बसतो.

इंडेक्सची मर्यादाही इथेच भेटते. जुन्या कॉम्पॅक्ट रो फॉरमॅटमध्ये इंडेक्समध्ये एका कॉलमला ७६७ बाइट मिळतात. तीन बाइटच्या हिशेबाने २५५ अक्षरे मावत होती, चारच्या हिशेबाने १९१. व्हारकॅर(२५५) वर १०७१ ही एरर येते ती यामुळे. ५.७ मध्ये नव्या टेबलांचा रो फॉरमॅट डायनॅमिक असतो आणि मर्यादा ३०७२ बाइट. जुन्या टेबलाला रो_फॉरमॅट=डायनॅमिक देऊन मग कन्व्हर्ट करा. कॉलम १९१ वर छाटण्याचा सल्ला जुन्या आवृत्त्यांसाठी होता.

कोलेशन: आचाऱ्यास आणि आचार्यास

कॅरेक्टर सेट बदलताना बहुतेक जण कोलेशन जे येईल ते घेतात. मराठीसाठी हे चालत नाही. ८.० चा डीफॉल्ट यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय आहे, आणि त्यातला 'एआय' म्हणजे अ‍ॅक्सेंटचा फरक न मानणारा. युनिकोडच्या दृष्टीने आपला 'ऱ' म्हणजे र आणि नुक्ता (खालचे टिंब), आणि नुक्त्याचे वजन दुय्यम पातळीवर आहे. त्यामुळे या कोलेशनला 'दऱ्या' आणि 'दर्या', 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' हे एकच शब्द वाटतात. अशा कॉलमवर युनिक की असेल तर दुसरा शब्द भरताना १०६२, 'डुप्लिकेट एंट्री'. शब्दकोश, गावांची यादी, आडनावांची यादी यांसाठी, ८.० वर असाल तर, यूटीएफ८एमबी४_०९००_एएस_सीएस घ्या, ते हा फरक मानते. काही कीबोर्ड 'ऱ्य' साठी ऱ न देता र, हलन्त आणि अदृश्य झेडडब्ल्यूजे (अक्षरे जोडणारे चिन्ह) देतात. झेडडब्ल्यूजेला कोलेशनमध्ये काहीच वजन नसते, त्यामुळे तसा टाइप झालेला 'दर्‍या' एएस_सीएस मध्येही 'दर्या' शी जुळतो. मजकूर भरतानाच हा क्रम ऱ मध्ये बदलून घेणे हा त्यावरचा पक्का उपाय.

०९०० गटाची कोलेशने शेवटची रिकामी जागा मोजतात, जुनी मोजत नव्हती. 'पुणे' आणि मागे स्पेस असलेला 'पुणे ' आता वेगळे होतील, म्हणून आधी ट्रिम करून घ्या. आणि ८.० चा डंप जुन्या मारियाडीबीवर उतरवायचा असेल तर ०९०० नावाची कोलेशने तिथे नसल्याने १२७३ येते. दोन्हीकडे चालायला हवे असेल तर वरच्या उदाहरणांप्रमाणे यूनिकोड_सीआय ठेवा, पण तेही अ‍ॅक्सेंटचा फरक मानत नाही हे ध्यानात असू द्या.

पोस्टग्रेसवर असाल तर

तिथे एन्कोडिंग डेटाबेसच्या पातळीवर एकदाच ठरते आणि नंतर बदलत नाही. इनिटडीबी (पोस्टग्रेसची पहिली मांडणी करणारा प्रोग्रॅम) चालताना काही सांगितले नाही तर तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकेलवरून, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून, एन्कोडिंग घेतो. लोकेल 'सी' असेल तर एसक्यूएल_अ‍ॅस्की मिळते, आणि ते प्रत्यक्षात एन्कोडिंग नसून तपासणीचा अभाव आहे. कोणतेही बाइट आत जातात. नवा डेटाबेस असा तयार करा:

क्रिएट डेटाबेस दुकान टेम्प्लेट टेम्प्लेट० एन्कोडिंग 'यूटीएफ८';

टेम्प्लेट० लिहिले नाही तर टेम्प्लेट१ ची नक्कल होते, आणि त्याचे एन्कोडिंग वेगळे असल्यास आदेश नाकारला जातो. जुना मजकूर पीजी_डंपने काढा, आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या साधनातून यूटीएफ-८ ते यूटीएफ-८ असा फिरवा. जिथे चुकीचा बाइट आहे तिथे ते साधन थांबून जागा सांगेल. ती दुरुस्त करून मगच नव्या डेटाबेसमध्ये उतरवा.

पोस्टग्रेसची एक गोष्ट मराठीला फार उपयोगी आहे. १० या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीची कोलेशने मिळतात आणि त्यांत 'एमआर-एक्स-आयसीयू' हे मराठीचे आहे. नुसत्या कोडपॉइंटच्या क्रमाने ळ हा ल आणि व च्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. यादी छापायची असेल तर ऑर्डर बाय मध्ये हे कोलेशन द्या आणि 'वड', 'हळद', 'ळ' अशा काही नोंदींवर क्रम पडताळून घ्या. ही कोलेशने डिटर्मिनिस्टिक (बाइट वेगळे तर शब्द वेगळे मानणारी) असल्याने दऱ्या आणि दर्या तिथे एक होत नाहीत. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीवरचे कोलेशन वापरत असाल तर २.२८ या आवृत्तीत क्रमवारी बदलली होती. ती ओलांडून सर्व्हर अपग्रेड केल्यावर मजकुराचे इंडेक्स रीइंडेक्स करावे लागतात, नाहीतर असलेली ओळ शोधात सापडत नाही.

ओरॅकलमध्ये एएल३२यूटीएफ८ निवडा, 'यूटीएफ८' नावाचे जुने नको. तिथे व्हारकॅर२(१०) म्हणजे सहसा दहा बाइट, म्हणजे देवनागरीची तीनच चिन्हे, म्हणून १० कॅर असे लिहा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारकॅर वापरा आणि मजकुराच्या अवतरणाआधी मोठा एन द्या. तो राहिला तर एनव्हारकॅर कॉलममध्येही प्रश्नचिन्हेच जातात.

कॉलमची लांबी कुठेही ठरवताना डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजू नका. 'क्षत्रिय' आपल्याला तीन अक्षरी वाटतो, डेटाबेसला तो आठ कोडपॉइंट आणि चोवीस बाइटचा आहे. पूर्ण नावासाठी तीस पुरत नाहीत, शंभर ठेवा.

सगळे दुरुस्त झाल्यावरही सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की तोच युरोपीय अक्षरांचा कचरा दिसेल. तो दोष डेटाबेसचा नाही: फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारे अदृश्य चिन्ह) नसेल तर एक्सेल तिला विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगची समजते. पण बीओएम असलेली फाइल परत आत घेताना तो पहिल्या ओळीच्या पहिल्या कॉलमला चिकटतो, आणि मग ती एकच ओळ शोधात सापडत नाही. लोड डेटा वापरताना कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ त्या आदेशातच लिहा, कारण तो आदेश सेट नेम्सकडे पाहत नाही, डेटाबेसच्या डीफॉल्टकडे पाहतो. आणि हेक्समध्ये ई०ए४ही नाही, सी३ए०ही नाही, नुसती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे आहेत, पण जुन्या संगणकावर विशिष्ट फॉन्ट लावला की मराठी दिसते, असे असेल तर तो मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. तिथे कॅरेक्टर सेट बदलून काहीच होणार नाही. त्या त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून तो आधी युनिकोडमध्ये आणा आणि मग यूटीएफ८एमबी४ कॉलममध्ये भरा.